आधी पाणी, मग पिक्चर

कॅमेऱ्यासमोर बसल्या की ताई आधी मनगटावरचं चावीचं घड्याळ कानाला लावायच्या. टिकटिक ऐकू आली की मान हलवायच्या, पदर सारखा करायच्या आणि म्हणायच्या, "मंडळी, एक वाजला. घड्याळं लावून घ्या." मग वही उघडून त्या दिवसाचे कार्यक्रम वाचायच्या. कॅम्प चारमधल्या कितीतरी घरांत भिंतीवरचं घड्याळ खरोखर त्या वाक्यावर लावलं जायचं. केबलची तार जोडायला घराघरांत जात होतो म्हणून मला माहीत.

घरोघरी आताच्यासारखी शेकडो चॅनल नव्हती तेव्हाची गोष्ट. उल्हासनगरात, म्हणजे निर्वासित सिंध्यांच्या जुन्या कॅम्पांच्या गावात, आमच्या शेठचं स्वतःचं एक चॅनल होतं. चॅनल म्हणजे काय, तर बटणं आणि लेस विकणाऱ्या दुकानाच्या वरची एक खोली, तीन व्हीसीआर, एक कॅमेरा आणि मागे निळा पडदा. व्हीसीआर माझ्याकडे होते. मी आयटीआय करून अंबरनाथच्या एका कारखान्यात सहा वर्षं काढली होती; कारखाना बंद पडला आणि मी इथे आलो. ताई माझ्या आधीपासून होत्या. त्या बदलापूरच्या कात्रप भागातून यायच्या.

त्यांना शेठनं ठेवलं होतं तक्रारींच्या फोनवर बसायला. चित्र हलतंय, आवाज येत नाही, अशा तक्रारी वहीत लिहून घ्यायच्या, एवढंच काम. पण फोनवर बायका दुसरंच बोलायच्या. पिक्चर अर्धा झाला आणि नळाला पाणी आलं. रडण्याचा सीन सुरू झाला आणि लाइट गेली. ताई तेही लिहून घ्यायला लागल्या. महिन्याभरात त्यांच्या वहीत आख्ख्या वस्तीचा दिवस उतरला. कुठल्या गल्लीत पाणी किती वाजता, कुठे भारनियमन कधी, पापडवाल्या बायका कामाला कधी बसतात, अंबरनाथच्या कारखान्यांची पाळी कधी सुटते.

एक दिवस त्या वही घेऊन शेठसमोर उभ्या राहिल्या. "दुपारचा पिक्चर दोनला लावू नका. एक वाजून दहा मिनिटांनी लावा."

"क्यों?"

"चारला पाणी येतं. बायका उठून जातात नि शेवट चुकतो. आधी पाणी, मग पिक्चर."

शेठ हसला. पण माणूस धंद्यातला होता, त्यानं आठवडाभर करून पाहिलं. फोन घणघणले, जाहिराती वाढल्या. त्यानं ताईंना निळ्या पडद्यासमोर बसवलं आणि सांगितलं, "अब आप ही बताओ, क्या कब लगेगा."

तेव्हापासून वेळापत्रक ताईंचं. तुम्ही म्हणाल, कुठला पिक्चर कधी लावायचा यात एवढं काय आहे? मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पण रविवारी सकाळी त्यांनी मराठी नाटकं लावायला सुरुवात केली आणि कॅम्पातल्या सिंधी बायका नाटकांतले टोमणे आपल्या सुनांना मारायला लागल्या. दहावीच्या परीक्षा आल्या की संध्याकाळी पिक्चर बंद. एकदा कोणी पोरगा फोनवर गयावया करत होता, "ताई, एक फाइटवाला डालो ना." ताई म्हणाल्या, "शेवटचा पेपर कधी आहे तुझा?" त्यानं तारीख सांगितली. बरोबर त्या तारखेला संध्याकाळी ताईंनी पडद्यावरून सांगितलं, "आजचा मारामारीचा पिक्चर एका अभ्यासू मुलाच्या आग्रहावरून." तो पोरगा नापास झाला तो भाग वेगळा.

वस्तीत त्यांना 'टाइमवाली' म्हणायचे. बाजारात कोणी ओळखलं की त्या लाजायच्या आणि लगेच विचारायच्या, "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं हो?"

कार्यक्रम वाचून झाले की त्या सूचना वाचायच्या. हरवलेलं मूल, सापडलेली पिशवी, कुणाचं बारावं, पालिकेची नोटीस. त्याचे पैसे शेठ घेत नसे. हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं, कारण पुढे त्याच्याबद्दल बरं काही सांगता येणार नाही.

आमच्या रोजच्या फोनवाल्यांत एक म्हातारी होती. तिला सगळे दादी म्हणायचे. बाजारामागच्या पिवळ्या चार मजली बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर ती मुलाबरोबर राहायची. रोज साडेबाराला तिचा फोन; ताईंना ती सिंधीत 'पुट', म्हणजे बेटा, म्हणायची. "पुट, आज रोना-धोना मत डालना. आज मेरा बीपी ठीक नहीं है." ताई खरंच पिक्चर बदलायच्या. एकदा दादीच्या घरी चित्र नीट दिसेना म्हणून मी तार बघायला निघालो, तर दादीनं ताईंनाही जेवायला बोलावलेलं. तिनं पालक-डाळीची सिंधी साईभाजी केली होती. जेवता जेवता ती हसत म्हणाली, "मैं तो छाता लेके आटा गूंधती हूँ."

आम्हाला वाटलं गंमत करतेय. ताई पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी जाऊन पाहिलं. ओट्याच्या वर, छताला, हातभर लांबीच्या गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या. ताईंनी स्टुलावर चढून छताचा एक तुकडा नुसता बोटानं दाबला. त्याचा बिस्किटासारखा चुरा झाला.

"दादी, हे कधीपासून?"

"दो साल से. सबके घर में ऐसा ही है. बनाने वाले को बोला, बोलता है पेंट मारो."

आमच्याकडे स्लॅब कोसळणं ही काही नवी गोष्ट नव्हती. तेव्हाही नव्हती. परत येताना रिक्षात ताई बोटांना लागलेला चुरा पुसत राहिल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पालिकेचा एक शिपाई धोकादायक इमारतींची यादी घेऊन आला. चॅनलवर वाचून दाखवायला. ताईंनी ती पाहिली. पिवळी बिल्डिंग तिसऱ्या नंबरवर होती. शिपाई म्हणाला, बिल्डिंगच्या दारावर नोटीस लावली होती, दुसऱ्या दिवशी कोणीतरी फाडली. शेठनं यादी मागवून घेतली. परत आली तेव्हा तिसऱ्या नावावर निळ्या पेनानं रेघ होती. पिवळ्या बिल्डिंगखालची सगळी दुकानं शेठच्या मेव्हण्याची होती.

ताई शेठच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"शेठ, मी वर जाऊन पाहिलंय. माणसं राहतात तिथे."

"वो पालिका का काम है. आप पिक्चर का टाइम बताओ."

"उद्या काही झालं तर?"

"कुछ नहीं होता. तीस साल से खड़ी है. आपकी नौकरी भी खड़ी रहने दो."

ताई बाहेर आल्या. घड्याळ कानाला लावलं. एक वाजला होता. मी कॅमेरा सुरू केला. त्यांनी नेहमीसारखे कार्यक्रम वाचले, यादीतली बाकीची नावं वाचली, वही मिटली. मला वाटलं झालं. मी पिक्चरचं बटण दाबायला हात पुढे केला.

"दुपारचा पिक्चर रोजच्या वेळेला आहे," ताई म्हणाल्या. "फक्त बाजारामागच्या पिवळ्या बिल्डिंगमधल्या मंडळींनी तो घरात बसून पाहू नये. तुमच्या बिल्डिंगचं नाव धोक्याच्या यादीत आहे. मला वाचू नको म्हणून सांगितलंय. मी तुमचं छत डोळ्यांनी पाहिलंय. दादी, गॅस बंद करा आणि खाली या. बाकीच्यांनाही घेऊन या."

शेठ आतल्या टीव्हीवर बघत होता. "काट! काट उसको!" तो ओरडत बाहेर आला. माझं बोट बटणावरच होतं. मी ते दाबलं नाही. ताईंचं बोलणं पूर्ण झाल्यावर दाबलं.

शेठनं माझी कॉलर धरली. मी म्हणालो, "बटण अडकलं होतं, शेठ."

ही माझ्या आयुष्यातली एकमेव शूर गोष्ट, आणि तीही मी खोटं बोलून केली. ताईंना त्याच दिवशी काढलं. मी तिथे आणखी चार वर्षं होतो. त्या पायऱ्या उतरत होत्या तेव्हा मी व्हीसीआरमधली कॅसेट बदलत होतो. मान वर केली नाही.

सगळ्यांनी ऐकलं होतं, त्यामुळे पालिकेला गप्प बसता येईना. आठ दिवसांत बिल्डिंगची लाइट तोडली, पाणी तोडलं, दाराला सील लागलं. माणसं भांडीकुंडी घेऊन कोणी अंबरनाथला, कोणी थेट वांगणीला भाड्यानं गेली. नवी बिल्डिंग बांधून मिळेल असं सांगितलं होतं. मग जागेचा मालक, बांधणारा आणि दुकानदार कोर्टात गेले आणि सगळं तिथेच राहिलं.

आणि बिल्डिंग पडली नाही.

पहिला पावसाळा गेला, दुसरा गेला. खिडक्यांतून पिंपळ उगवले, कबुतरं राहायला आली, पण भिंत काही हलेना. येणारे-जाणारे बोट दाखवायचे. "देखो, खड़ी है. उस बाई ने फोकट में सबको बेघर किया."

दादीचा मुलगा आम्हाला एकदा बदलापूर स्टेशनाबाहेर भेटला. मी ताईंना भेटायला गेलो होतो. तो सरळ ताईंसमोर येऊन उभा राहिला. "टीवी पे बोल दिया, हो गया आपका? घर कहाँ से लाऊँ मैं?"

ताईंनी एवढंच विचारलं, "दादी कशा आहेत?"

"मेरी बहन के घर पे है. वहाँ मेहमान है. अपने घर में मालकिन थी."

त्याच वर्षी दादी गेली, मुलीच्या घरी. ताईंना कोणी कळवलं नाही. मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "टीव्ही होता का रे तिथे त्यांना?" मला माहीत नव्हतं.

ताईंना कात्रपमधल्या एका डॉक्टरकडे काम मिळालं. पेशंटचे नंबर पुकारायचं. सुरुवातीला कोणी आवाज ओळखून वर बघायचं. हळूहळू तेही बंद झालं. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. अपराधी वाटायचं म्हणून जायचो, दुसरं काही नाही. त्या चहा मागवायच्या आणि विचारायच्या, "उभी आहे ना रे?"

"आहे."

"मजबूत दिसते?"

मी काहीतरी विषय बदलायचो. एकदा त्यांनी बदलू दिला नाही. "तुला खरं सांगू? कधीकधी वाटतं, पडावी एकदाची. रिकामीच आहे, कोणाला लागणार नाही. मग माझी मलाच भीती वाटते. असं वाटून घेणारं माणूस चांगलं कसं असेल?"

मी म्हणालो, "ताई, तुम्ही बरोबरच केलंत." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला काय म्हणायचं होतं ते त्यांना कळलं असेल, पण मी ते सांगायला किती उशीर केला होता तेही त्यांना कळत होतं. "चौदा नंबर," त्यांनी हाक मारली.

अशी बरीच वर्षं गेली. मग ताईंना कावीळ झाली, त्यांनी ती अंगावर काढली आणि त्या गेल्या. बदलापूरच्या स्मशानात आम्ही अकरा जण होतो. चॅनलवरून कोणी नाही. पिवळ्या बिल्डिंगमधलं कोणी नाही. डॉक्टरांनी हार पाठवला होता.

आता जुन्या कॅम्प चारचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे मध्यंतरी कोणीतरी शेठच्या चॅनलच्या छापील वेळापत्रकाचा पिवळा पडलेला कागद टाकला. सव्वाशे माणसांनी हृदयं पाठवली. 'क्या दिन थे.' 'एकच चॅनल होतं पण समाधान होतं.' 'तेव्हाची माणसंच वेगळी.' तेव्हाची माणसं कशी होती ते मला ठाऊक आहे. मी त्यांतलाच एक. मी काही लिहिलं नाही. तुम्हाला कोणी असं जुन्या दिवसांचं कौतुक सांगितलं, तर एवढंच विचारा, की ते वेळापत्रक कोणी बनवलं होतं आणि तिचं पुढे काय झालं.

ताई गेल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात, दुपारी, पिवळी बिल्डिंग पडली. चौथ्या मजल्याचा स्लॅब तिसऱ्यावर, तिसरा दुसऱ्यावर, असं करत सगळं तळापर्यंत आलं. मी ऐकलं तसा गेलो. दोरी बांधून रस्ता अडवला होता. कोणाला खरचटलंही नव्हतं. कबुतरं तेवढी मेली होती.

गर्दीत दादीचा मुलगा होता. केस पिकले होते. त्यानं मला ओळखलं आणि माझा हात धरला. "हमारा किचन वहाँ था," तो म्हणाला. "पूरा नीचे आ गया. भगवान ने बचाया, भाई. टाइम पे निकल गए हम लोग."

"किसने निकाला था, याद है?" मी विचारलं.

"पालिका ने. नोटिस आई थी ना."

"और वो टाइमवाली?"

तो जरा आठवत राहिला. मग चेहरा उजळला. "अरे हाँ! क्या मस्त पिक्चर लगाती थी यार दोपहर को. कहाँ है आजकल?"

मी सांगितलं, त्या गेल्या.

"अच्छा," तो म्हणाला. मग त्यानं मोबाइल डोक्याच्या वर धरला आणि ढिगाऱ्याचा आणखी एक फोटो काढला.