तो घरीच असतो

मी गेम तयार करतो. हे वाक्य सांगलीत सहज उच्चारता येत नाही. आमच्याकडे गेम ‘करतात’, तोही कुणाचा तरी, आणि दुसऱ्या दिवशी ते पेपरात येतं. त्यामुळे लग्नात कुणी व्यवसाय विचारला की सुरुवातीला मी ‘कॉम्प्युटरचं काम’ असं मोघम सांगायचो. मग समोरचा त्याच्या बंद पडलेल्या प्रिंटरचं गाऱ्हाणं सुरू करायचा. म्हणून एकदा खरं सांगून टाकलं, तर एका मेव्हण्याने खांद्यावर हात टाकून विचारलं, “व्हय, पण पोटापाण्याचं काय?”

पुण्यात एका कंपनीत मी दुसऱ्यांच्या गेमसाठी बरीच वर्षं कोड लिहिला. बायकोला मिरजेच्या एका दवाखान्यात, तिथल्या लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा आम्ही मुलीला घेऊन सांगलीला आलो आणि मी नोकरी सोडून स्वतःचा गेम करायला बसलो. माझं लहानपण कोयनानगरच्या कॉलनीत गेलं. वडील प्रकल्पावर होते. डोंगराच्या पोटातल्या वीजघराच्या गोष्टी ते सांगायचे, त्यावरून गेम सुचला होता: एक मुलगी एकटीच जमिनीखालच्या वीजघरात अडकते, पाणी चढत असतं, आणि योग्य दारं योग्य क्रमाने उघडत तिला वर यायचं असतं. चित्रं मी काढायची, कोड मी लिहायचा, पाण्याचे आवाज बादलीत हात घालून मीच रेकॉर्ड करायचे. एकट्याने गेम करणं म्हणजे लग्नात वर, भटजी, आचारी आणि मांडववाला, सगळं आपणच होणं.

आणि मी घरी असायचो. माझ्या आयुष्यातला सगळा त्रास या एका वाक्यात आहे.

‘तो घरीच असतो’ हे आमच्या इमारतीत, नात्यात आणि कुरियरवाल्यांत एकदा पसरलं आणि संपलंच. शेजाऱ्यांचा गॅस सिलिंडर मी उतरवून घेऊ लागलो. वरच्या मजल्यावरच्या वहिनी किल्ली ठेवायला यायच्या, मग किल्ली न्यायला यायच्या, मग किल्ली ठेवली होती का हे विचारायला यायच्या. त्यातून मिरज, म्हणजे दवाखान्यांचं गाव, बाजूलाच. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या नातेवाइकांत कुणाचंही काही दुखलं की ते मिरजेला येणार, आणि मिरजेला आले की आमच्याकडे उतरणार. “दवाखान्यात सोडायला तू हाईसच की,” असं फोनवर आधीच ठरलेलं असायचं.

गेम प्रसिद्ध करायची तारीख मी जाहीर केली आणि थोरल्या काकांचा गुडघा त्याच सुमारास कामातून गेला.

काका फौजेतून निवृत्त झालेले. वडील गेल्यापासून घरातलं मोठं माणूस तेच. साताऱ्याजवळच्या गावात ते आणि काकू दोघंच राहतात. ऑपरेशन मिरजेत ठरलं आणि त्यानंतरचा दोघांचा मुक्काम आमच्याकडे. काकांना फार चालता येणार नव्हतं, संडास जवळ हवा होता, त्यामुळे त्यांना खोली कोणती द्यायची यावर चर्चाच झाली नाही. माझी कामाची खोली गेली. माझं टेबल, दोन मॉनिटर आणि वायरींचं जंजाळ उचलून स्वयंपाकघराच्या तोंडाशी आलं. तिथे मिक्सर लावला की मला काहीच ऐकू यायचं नाही, आणि मी व्हिडिओ कॉलवर असलो की काकू फोडणी द्यायचं थांबायच्या आणि मोठ्यांदा विचारायच्या, “झालं का तुझं? मव्हरी जळाया लागली.”

काकांना भेटायला माणसं येऊ लागली. प्रत्येकाला चहा. प्रत्येकाला काका माझी ओळख करून द्यायचे, “ह्यो धाकट्याचा पोरगा. घरीच असतो.” त्यातले निम्मे मला नोकरीच्या जाहिराती पाठवू लागले.

काम मग फटीफटीत शिरलं. मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडताना डोक्यात कोड. जेवताना फोन ताटाशेजारी. रविवारी हरिपूरला संगमावर गेलो तरी मी गाडीत लॅपटॉप उघडून बसलेला आणि मायलेकी पाण्यापाशी. एकदा बायको खूप वेळ काहीतरी सांगत होती आणि मी मान हलवत होतो. ती थांबली. म्हणाली, “मी आत्ता काय म्हणाले?”

मी म्हणालो, “भाजीचं काहीतरी.”

“सगळे म्हणतात तू घरीच असतोस. मला सांग, कुठल्या घरी?”

मला रागच आला. माझी खोली नाही, वेळ नाही, तारीख तोंडावर आलेली, आणि वर हे. “एकदा हा गेम बाहेर पडू दे,” मी म्हणालो, “मग मोकळाच आहे.” हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं होतं की मुलीने ते माझ्या सुरात म्हणून दाखवलं.

गेम बाहेर पडला. आणि मोकळीक वगैरे काही नाही, खरी पंचाईत तेव्हा सुरू झाली. लोकांनी तो घेतला, खेळला, आवडल्याचंही लिहिलं. पण वीजघरातली लिफ्ट काही जणांच्या कॉम्प्युटरवर मधेच अडकायची. गेममधली मुलगी लिफ्टमध्ये, पाणी खाली, आणि पुढे काहीच होत नाही. माझ्या मशीनवर मात्र लिफ्ट सुरळीत. आता जगात कुठे ना कुठे कोणीतरी जागंच असतं, आणि ते त्या लिफ्टमध्ये अडकलेलं असतं. निरोपांवर निरोप. कुणी सभ्यपणे विचारायचं, कुणी मला चोर म्हणायचं. एकाने लिहिलं, ‘तुमच्या टीममधल्या कुणालाच हे दिसलं नाही का?’ टीम! टीम त्या वेळी काकांसाठी शेक घ्यायची पिशवी गरम करत होती.

मी प्रत्येकाला उत्तर द्यायचो. ताबडतोब. उत्तर दिलं नाही तर माणूस वाईट अभिप्राय लिहील, अशी धास्ती. डाव्या डोळ्याची पापणी सारखी फडफडू लागली. काकू म्हणाल्या, चांगली बातमी येणार.

त्यानंतरची एक सकाळ. काकांना व्यायामासाठी मिरजेला, बायकोच्याच दवाखान्यात न्यायचं होतं. काका मागच्या सीटवर पाय लांब करून, वॉकर पुढच्या सीटवर. वाटेत फोन सारखा थरथरत होता. दवाखान्याच्या पोर्चमध्ये गाडी लावली, इंजिन बंद केलं. आता उतरायचं, वॉकर काढायचा, काकांच्या बाजूचं दार उघडायचं. हे सगळं मला कळत होतं. पण हात स्टीअरिंगवरून निघेना. छातीत दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. नुसतं काही करता येईना.

“आरं, दार उघड की,” काका म्हणाले.

“हो.”

“हो काय? उघड.”

मागून कुणीतरी हॉर्न मारत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मला त्याचाही वैताग आला, कारण रडण्यासारखं काही झालेलंच नव्हतं.

काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग एवढे शिस्तीचे काका, दार स्वतः उघडून, गाडीच्या टपाला धरून एका पायावर उभे राहिले. दवाखान्याचा माणूस व्हीलचेअर घेऊन धावत आला आणि काकांना बसवायला लागला. काका त्याच्यावर खेकसले, “मला न्हवं! त्याला बसव त्येच्यात!”

असा मी, धडधाकट माणूस, व्हीलचेअरमधून मिरजेच्या दवाखान्यात गेलो, आणि गुडघा कापलेले काका वॉकर टेकत माझ्या मागून. लॅबमधून बायको धावत आली, पांढऱ्या कोटात. तिच्या ओळखीचे सगळे बघत होते. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

रक्तदाब तपासला, ईसीजी काढला. सगळं ठीक. डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होते. त्यांनी विचारलं, “शेवटची सुट्टी कधी घेतली होती?”

मी आठवू लागलो. तेवढ्यात काका म्हणाले, “आवं डॉक्टर, ह्यो सुट्टीवरच हाय की. घरीच असतो.”

“काका, तुम्ही जरा गप्प बसा,” बायको म्हणाली. आमच्या घरात काकांना असं कुणी कधी बोललं नव्हतं.  मग तिने डॉक्टरांना सांगितलं. मी किती काम करतो, कसा जेवतो, झोपेतून उठून कसा फोन बघतो, हे सगळं. मला वाटत होतं तिला यातलं काही दिसत नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि कुणाशी तरी नीट बोला म्हणाले, एका समुपदेशक बाईंचा नंबर दिला. त्यांच्याकडे मी नंतर बरेच महिने गेलो. त्याचा उपयोग झाला, पण तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं की आता आणखी एका ठिकाणी वेळेवर पोचायचं.

परतताना गाडी बायकोने चालवली.  काका म्हणाले, “तुझी ड्यूटी कुनी लावलीया?”

“मीच.”

“आन् बदलीला कोन येतं?”

“कुणी नाही. मी एकटाच आहे.”

“असलं कसलं काम म्हनायचं ह्ये,” काका म्हणाले.

इथे हे सगळं सुरळीत झालं असं सांगता आलं असतं तर बरं होतं. पण काकांनी माझी विश्रांती हातात घेतली. संध्याकाळी ठरल्या वेळी ते वॉकर जमिनीवर आपटून ओरडायचे, “ड्यूटी खतम!” मी एखाद्या ओळीच्या मध्यावर असलो तरी. लगेच उठलो नाही तर वायफायचं बटण बंद. दिवसा दारावर कुणी आलं की आतून त्यांचा आवाज, “त्यो कामावर गेलाय!” मी समोरच बसलेला, येणाऱ्याला दिसतोय, तरी. वरच्या वहिनी किल्ली हातात घेऊन माझ्याकडे बघत उभ्या आणि काका शांतपणे सांगतायत, “सांजच्याला या. तवा भेटंल.”

एका संध्याकाळी त्यांनी माझा फोन ज्वारीच्या पिठाच्या डब्यात लपवला. काकू भाकरीला पीठ काढायला गेल्या आणि डबा गुरगुरायला लागला. त्यांनी किंचाळून डबा सोडला. स्वयंपाकघरभर पीठ. मी काकांवर चिडलो, चांगलाच. म्हणालो, ही फौज नाही, माझं पोट आहे, लोक मला शिव्या घालतायत आणि तुम्ही खेळ मांडलाय.

“खेळ तर तूच मांडलायस,” काका म्हणाले. आणि मग, “तुझ्या बापालाबी असंच रडताना बघितलंय मी. प्रकल्पावर हुता तवा. लय काम करायचा. मी रजेवर आलो हुतो. बघितलं आन् परत गेलो. काय बोललो न्हाई.”

मला हे माहीत नव्हतं. मी झाडू घेतला आणि पीठ गोळा केलं.

त्या आठवड्यात मी गेमच्या पानावर खेळाडूंसाठी सूचना लावली: हा गेम एका माणसाने केला आहे, तो आठवड्यातून ठरलेल्या दिवशीच उत्तर देईल, लिफ्टचं काम चालू आहे.  काहींनी शिव्या दिल्या, काहींनी पैसे परत मागितले. बऱ्याच जणांनी मात्र ‘ठीक आहे’ एवढंच लिहिलं. इतके दिवस ज्यांच्या भीतीने मी जेवत नव्हतो त्यांना फारशी घाई नव्हतीच, हे कळल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला संताप आला.

विश्रांतीमुळे लिफ्टचा बग सापडला असंही नाही. तो नंतर सापडला, एका कंटाळवाण्या दुपारी. एक किरकोळ चूक होती, माझीच.

काका बरे झाल्यावर आम्ही सगळे त्यांना गावी सोडायला गेलो आणि बायकोने तिथून गाडी परस्पर कोयनानगरकडे घेतली. घाटात रेंज गेली. मी फोन खिडकीबाहेर धरत होतो, ती बघून न बघितल्यासारखं करत होती. वळणांनी मुलीला दोनदा उलटी झाली. पोचलो तर आमचं जुनं क्वार्टर बंद, अंगणात रानटी झुडपं. मी मुलीला उत्साहाने दाखवू लागलो: इथे आम्ही झोपायचो, भूकंपाचे धक्के बसले की इथून बाहेर पळायचो, इथे आजोबा सायकल लावायचे. तिने सगळं पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, तुमच्या गेममध्ये जास्त छान दिसतं.”

बायको पोट धरून हसली. मलाही हसू आलं, नाइलाजाने. आम्ही तिथल्या पायरीवर बसून काकूंनी दिलेली भाकरी आणि खर्डा खाल्ला. फोन गाडीत राहिला होता. तो आणायला मी दोनदा उठलो आणि दोनदा परत बसलो.

आता मी सांगलीतच विश्रामबागेत एका शिकवणीच्या वर्गाच्या वरची खोली भाड्याने घेतली आहे. सकाळी डबा घेऊन जातो. खालून पाढे ऐकू येतात, सतराचा पाढा सगळ्यांचाच चुकतो. दुसरा गेम रखडला आहे, कारण संध्याकाळी मी कुलूप लावून निघतो. घरी गेल्यावर पहिला तासभर माझं काय करायचं ते मला अजून कळत नाही. मी फ्रीज उघडतो, बंद करतो. मुलगी म्हणते, बसा ना. बायको मटार सोलायला देते. मी सोलतो, वैतागत सोलतो, आणि ती तिच्या लॅबमधलं काहीतरी सांगत असते, ते ऐकतो.