नऊ गाड्या, आठ मालक

१९९१च्या उन्हाळ्यात कंपनीने 'सारिका' गाडीच्या चार प्रकारांपैकी दोन बंद केले. बातमी पेपरात आतल्या पानावर चार ओळींत आली. खप कमी असल्याने पाच दारांचा प्रकारही यापुढे निघणार नाही, असं तिच्यात होतं. सेलूच्या टॅक्सी स्टँडवर पंडित आश्रुबा भदर्गे याने ती दोनदा वाचली आणि पेपर बाकड्यावर आपटला.

"खप कमी म्हणं! हितं येऊन बघा म्हणावं एकदा."

त्याची गाडी त्याच प्रकारची होती. पाचवं दार म्हणजे मागचं, डिकीचं. ते वरच्या बाजूला उघडायचं आणि मागची सीट पाडली की पुढच्या सीटपर्यंत सपाट जागा व्हायची. त्या जागेवर पंडितचा धंदा उभा होता.

पंडित मूळचा देवगाव फाट्याजवळच्या एका खेड्यातला. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, त्यात त्याचं घर जळालं. बायकोला, सरजाबाईला, घेऊन तो सेलूला आला. एका जिनिंगच्या ट्रकवर आधी क्लीनर, मग ड्रायव्हर अशी दहा वर्षं काढली आणि बदली होऊन चाललेल्या एका बँक अधिकाऱ्याची सारिका विकत घेतली. भाड्याच्या जीपा स्टँडवर तेव्हाही होत्या. पण अडलेली बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस परभणीच्या दवाखान्यात न्यायचा, तर जीपमध्ये त्याला बसवून न्यावं लागे. पंडितने एक बाज सुताराकडून निम्म्या रुंदीची करून घेतली. सरजाबाईने ती सुतळीने नव्याने विणली. बाज डिकीतून आत सरकायची.

पहिल्यांदा त्याने बाजेचे पाय पार कापून टाकले होते. ती बघून एका म्हाताऱ्याने लेकीला त्यावर निजवायला साफ नकार दिला. "बिनपायाची बाज म्हंजी तिरडी. माझी पोरगी जित्ती हाय अजून." पंडितने वाद घातला नाही. सुताराकडे जाऊन चार-चार बोटांचे पाय पुन्हा ठोकून घेतले. तेव्हापासून कुणी हरकत घेतली नाही. पाथरीपासून जिंतूरपर्यंत लोक निरोप धाडायचे तो 'बाजेची गाडी पाठवा' असा.

त्याच उन्हाळ्यात डिकीचं दार वर तोलून धरणाऱ्या दोन दांड्यांपैकी एक निकामी झाला आणि दुसरा ढिला पडला. एकदा बाज आत सरकवताना दार एका बाळंतिणीच्या बापाच्या खांद्यावर आलं. तो मध्ये नसता तर पोरीच्या डोक्यावर आलं असतं. कंपनीच्या परभणीतल्या विक्रेत्याकडे दांडे नव्हते. आता प्रकारच बंद झाल्यावर ते येणार कुठून? दार धड नसेल तर बाज नाही, आणि बाज नसेल तर स्टँडवर पंडितची गाडी इतर दहांसारखी अकरावी.

जिल्ह्यात पाच दारांच्या गाड्या नऊ होत्या. सगळेच चिडले होते. कापसाचे व्यापारी व्यंकटराव यांनी रविवारी सेलूला आपल्या जिनिंगच्या ऑफिसात बैठक बोलावली. पूर्णेहून एक डॉक्टर आले, परभणीहून दोन वकील आले. "चार वर्षांत भंगार केलं आमच्या गाडीचं," असं म्हणत प्रत्येकाने कंपनीचा उद्धार केला. कॉलेजातले रंगनाथ सर यांनी इंग्रजीत पत्र लिहायचं ठरलं. नावं उतरवत ते पंडितपाशी आले. तो भिंतीला टेकून उभा होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, खाली एक ओळ लिहिली आणि कागद पुढे केला. "पंडित, इथं सही कर." पंडितने केली. त्याचं शिक्षण सातवीपर्यंतचं, तेही मराठी.

तीन महिन्यांनी कंपनीचं उत्तर आलं. शिल्लक मालातून प्रत्येक गाडीमालकाला डिकीच्या दांड्यांची एक जोडी, परभणीच्या विक्रेत्याकडून, यादीप्रमाणे. पंडित सकाळच्या रेल्वेने परभणीला गेला. विक्रेत्याचा कारकून चंद्रभान याने यादीवरून बोट फिरवलं.

"तुमचं नाव मालकांत नाही."

"मग कशात हाय?"

"खाली. 'पंडित, ड्रायव्हर'. एवढंच. आडनावही नाही."

पंडितने पिशवीतून आरसी बुक काढून टेबलावर ठेवलं. चंद्रभानने ते उघडून वाचलं आणि परत केलं. "बरोबर आहे तुमचं. पण मला यादीच्या बाहेर जाता येत नाही. आठ जोड्या आल्या, आठ नावं आहेत."

स्टेशनवर उतरून पंडित तडक जिनिंगवर गेला. रंगनाथ सर तिथेच बसले होते. आजवर तो व्यंकटरावांना सगळ्या गावासारखं मालक म्हणायचा.

"व्यंकटराव, माझी गाडी कोणाची हाय?"

व्यंकटरावांनी चष्मा वर केला. "काय रे, पिऊन आलास का?"

"ड्रायव्हर लिवलं मला. नऊ गाड्या अन् आठ मालक. नववी काय आभाळातून पडली?"

"अरे, आम्ही समजलो डॉक्टरसाहेबांची असेल, तू चालवतोस," रंगनाथ सर म्हणाले. "चूक झाली. हेतू तसा नव्हता."

"डॉक्टर समोर बसले व्हते सर. त्यांचं नाव तुमी मालकांत लिवलं, त्यांच्याच गाडीचं. आन् व्यंकटराव, तुमच्या सूनबाई अडल्या तवा परभणीला कोणी नेलं? भाडं कोणाच्या हातात दिलं? डॉक्टरच्या?"

व्यंकटराव उठले. मग कपाटातून खोका काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "घे बाबा, माझी जोडी घे. मी चार दारांची नवी घ्यायलोय, मला काय करायची ही? किटकिट मिटली."

"भीक नको. कंपनीला दुसरं पत्र लिवा. पंडित आश्रुबा भदर्गे, मालक. मंग घेतो."

"माफीनामा लिहून देऊ का आता तुला?"

"पंडित, वस्तू मिळतीय ना?" रंगनाथ सर समजुतीने म्हणाले. "नावाचा एवढा आग्रह कशाला?"

"सर, तुमी शिकवायलात त्या विद्यापीठाच्या कॉलेजात. त्याच्या नावापायी माझं घर जळून तेरा वर्षं झाली. आग्रह कोणाचा हाय ते मला इचारता?"

खोका तिथेच राहिला. घरी सरजाबाईने सगळं ऐकून घेतलं आणि ती त्याच्यावरच उखडली. "लय शाणे! दार काय तुमच्या रागानं वर ऱ्हाणार हाय? उद्या कोणाच्या पोटुशीच्या टाळक्यात पडलं तर रंगनाथ सर येणार हाय का सोडवायला?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी पंडितने लोहाराकडून दोन हात लांबीची, टोकाला खाच असलेली लोखंडी सळई करून आणली. सरजाबाई बाळंतिणींबरोबर जायचीच. आता सळई दाराला लावून, वर हाताचा टेकू देऊन ती उभी राहू लागली. पंडितने कंपनीला मराठीत स्वतःच पत्र लिहिलं, आरसी बुकाची नक्कल जोडली आणि रजिस्टरने धाडलं.

दिवाळीपर्यंत आठांपैकी पाचांनी गाड्या बदलल्या. त्यांच्या जोड्या कपाटांतच पडून होत्या. व्यंकटरावांनी एकदा गड्याबरोबर खोका पाठवला. पंडितने तो दारातूनच परत केला. "पत्र लिवलं का इचार त्यास्नी. न्हाई? मंग ने माघारी."

कंपनीचा लिफाफा पौषात आला. वर टाइप केलं होतं: श्री. पंडित आश्रुबा भदर्गे, मालक. आत दोन ओळी. संबंधित प्रकार बंद झाला असून सुट्या भागांचा साठा संपला आहे. कळावे.

"आलं का दांडं?" सरजाबाईने विचारलं.

"न्हाई. नाव आलं."

"आत्ता! साठा सपल्यावर!" ती म्हणाली. "ह्यांना नाव द्यायला काय जातंय? वस्तू देऊन झाल्या आठांना."

पंडितने लिफाफा आरसी बुकात खोचला. तेवढ्यात देवगाव फाट्याहून एकजण सायकल मारत आला. गीताबाई नावाची बाई, पहिलटकरीण, सकाळपासून अडलेली. सरजाबाईने कोपऱ्यातली सळई उचलली, पंडितने बाज डोक्यावर घेतली आणि दोघं गाडीकडे निघाले.