सुरीमावशीचं कुसकुस

बावीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये भाज्या चिरल्या, म्हणून सगळे तिला सुरीमावशीच म्हणत. शेगडीपाशी मात्र तिला मज्जाव. तिथे मुख्य आचाऱ्याचं राज्य. त्या सकाळी नेमकी आचाऱ्याची पाठ धरली, आणि जेवण तर ठरून बसलेलं: भाजलेल्या भाज्यांचं कुसकुस, सव्वाशे ताटं.

"मी करते की!" मावशी बोलून गेली आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

मॅनेजरबाईंनी तिला नीट न्याहाळलं. "करा. पण ताटं भरलेली परत आली, तर उद्या बाहेरून आचारी बोलावीन."

भांडी घासायला मावशीची नणंदच होती. "वहिनी, आता आपलं काही खरं नाही," ती खुदखुदत म्हणाली.

आचारी सगळ्या भाज्या एकाच ट्रेमध्ये कोंबायचा आणि त्यांचा लिबलिबीत गोळा करायचा. ते बघून इतकी वर्षं मावशीचा जीव नुसता तळमळायचा! कुठली भाजी किती पाणी सोडते, हे चिरणाऱ्याइतकं कुणाला कळणार? तिने गाजर आणि भोपळा आधी ओव्हनमध्ये घातला, वांगी आणि ढोबळी मिरची मागाहून, टोमॅटो तर वेगळ्याच ट्रेमध्ये. कडा तांबूस झाल्या, वास पार फाटकापर्यंत गेला.

आणि मग माशी शिंकली. कुसकुस म्हणजे रव्याहून जाडसर दाणे. उकळतं पाणी ओतायचं, झाकायचं, संपलं काम. पण घरच्या भाताची सवय नडली! तिने दुप्पट पाणी ओतलं. झाकण काढलं तर आत नुसता गिचका.

"अगं बाई! आता गं?" नणंद डोकावून म्हणाली.

"बघत काय बसलीस? ट्रे आण, मोकळे!"

दोघींनी तो लगदा गरम ट्रेंमध्ये पातळ पसरला, ओव्हनमध्ये सरकवला आणि काट्याने हलवत राहिल्या. जेवणाची घंटा व्हायला आणि दाणा सुटायला एकच गाठ पडली. वर तेल, लिंबू, भाज्या! मावशीने चक्क टाळी वाजवली.

तासाभराने नणंद ओरडली, "वहिनी, ताटं चाटूनपुसून आलीत! मी घासू काय?"

तेवढ्यात मॅनेजरबाई आत आल्या. "मावशी, उद्या काय करताय?"

हा प्रश्न आजवर तिला कुणी विचारला नव्हता. तिने ऐटीत कमरेवर हात ठेवले.

"सकाळी बाजारातून काय येतं ते बघते, मग सांगते."