चौकशीकाकांची हिरवी खूण

आमच्या वर्तमानपत्रात निधनवार्तांचं पान एकतीस वर्षं एकाच माणसाने सांभाळलं. सगळे त्यांना चौकशीकाका म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. माणूस तिरसट, चहा स्वतःपुरताच मागवणारा. पण बातमी कुठूनही येवो, त्या घरी फोन करून घरच्यांचा आवाज ऐकल्याशिवाय ती छापायची नाही, हा त्यांचा हट्ट. आम्ही त्यांच्यामागे त्यांच्या फोनची नक्कल करायचो. सगळ्यात हुबेहूब मी करायचो.

मग संपादकांच्या डोक्यात यंत्र आलं. खरी बातमी कोणती, खोटी कोणती हे ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, आणि तीही अशी की प्रत्येक निर्णयाचं कारण वाचकाला उघड सांगेल. लोकांचा आमच्यावरचा विश्वास उडाला होता, तो असा परत मिळवायचा होता. कल्पना चांगली होती, उगाच नावं ठेवणार नाही. ते यंत्र बनवणारी इंजिनियर मुलगी आठ महिने रोज दुपारी काकांशेजारी बसली. पडद्यावर जुन्या-नव्या बातम्या यायच्या, काका खरीला हिरवी खूण करायचे, खोटीला लाल. अशा चार हजारांवर खुणांवरून यंत्र शिकलं.

"मी घरी बसलो तरी माझी नजर इथे राहील," काका मला म्हणाले आणि त्या दिवशी त्यांनी मलाही चहा पाजला.

त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना यंत्र सुरू झालं. काकांचे सकाळचे फोन बंद झाले. तिसऱ्याच आठवड्यात आम्ही एका निवृत्त नर्सबाईंच्या निधनाची बातमी छापली. बाई ठणठणीत होत्या. दवाखान्याच्या यादीत घरी सोडलेल्यांऐवजी दगावलेल्यांच्या रकान्यात त्यांचं नाव पडलं होतं. त्यांचा मोबाईल दवाखान्यातच राहिलेला, त्यामुळे परगावची मुलगी फोन लावून लावून थकली आणि बसमध्ये बसली. घरी पोचली तर आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

दुसऱ्या दिवशी दोघी आमच्याकडे आल्या. "मी गेले तर आधी मला तरी कळवायचं होतंत," आई म्हणाल्या. आम्ही हसलो. मुलगी हसली नाही.

"सहा तास," ती म्हणाली, "सहा तास मला आई नव्हती."

काका उठून उभे राहिले ते उभेच. त्यांचा चेहरा मला बघवेना.

इंजिनियर मुलीने यंत्राने दिलेलं कारण उघडलं: या दवाखान्याच्या तीनशे बारा बातम्यांना तपासनिसांनी हिरवी खूण दिली आहे, लाल एकालाही नाही. खाली काकांचं पूर्ण नाव.

"काका, यांची यादी कधीच चुकली नव्हती?"

"चुकायची की. वर्षातून चारपाचदा."

"मग लाल खूण?"

"लाल कशाला? घरी फोन केला की कळायचं. दवाखान्याकडून दुरुस्त करून घ्यायचो, मग हिरवी."

"फोनचं तुम्ही कधी बोलला नाहीत."

"त्यात काय बोलायचं? तो तर करायचाच असतो."

यंत्र थांबवून सगळं पुन्हा शिकवावं लागेल, असं तिने संपादकांना सांगितलं. हजारात एखादी चूक व्हायचीच, असं म्हणून त्यांनी दोन ओळींची दिलगिरी छापली आणि विषय मिटवला.

"मग माझं नाव तरी काढ," काका तिला म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

"नाही काढता येत, काका. कारण लपवलं तर यंत्रावर विश्वास कसा ठेवायचा?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती खरंच बोलत होती.

काकांनी त्या दिवशीची यादी वाचली. चौदा माणसं, सगळी हिरवी, प्रत्येकाखाली काकांचं नाव. "यातल्या एकाच्याही घरी मी विचारलेलं नाही," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत.

आता त्यांच्या खुर्चीत मी बसतो. सकाळी यादी येते, मी ती पुढे पाठवतो. फोन समोरच आहे. तो करू नकोस, असं मला आजवर कुणीही सांगितलेलं नाही.