एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न

आमच्या ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि दुकान धाकट्या दिरांकडं गेलं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, म्हणून मी सकाळी त्यांना कळंब्याच्या तळ्यावर घेऊन जायची. चालून झालं की ते बाकावर बसून पाण्याकडं बघत राहायचे. बोलणं जवळजवळ थांबलंच होतं.

मी नववीला गणित शिकवते. तेव्हा चाचणीचा पेपर काढायचा होता. तीन बाजू देऊन त्रिकोणाचं क्षेत्रफळ विचारायचं, तर बहुतेक वेळा वर्गमूळ सुटत नाही, उत्तर दशांशात लांबत जातं. तेरा, चौदा, पंधरा घेतलं की बरोबर चौऱ्याऐंशी येतं, पण ते मुलांना पाठच झालेलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी ही अडचण त्यांना सांगितली.

ते म्हणाले, "लागोपाठच्या आकड्यांचा असा आणखी न्हाय व्हय?"

तीन, चार, पाच मला माहीत होता. त्याचं क्षेत्रफळ सहा. पंधराच्या पुढं काय, हे इतकी वर्षं शिकवूनही माझ्या मनात आलं नव्हतं. त्यांनी सूत्र समजून घेतलं आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एकेक त्रिकोण तपासायला घेतला. मधला आकडा विषम असेल तर जमणारच नाही, एवढं मी कागदावर दाखवलं, तसं त्यांचं निम्मं काम वाचलं. तरी विशी गेली, तिशी गेली, काही हाती लागेना. मला वाटलं, नसेलच पुढं. तसं म्हणूनही बघितलं. ते ऐकतायत कुठं! आता सकाळी तेच आधी चपला घालून दारात उभे राहायचे.

एका सकाळी त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न. क्षेत्रफळ एक हजार एकशे सत्तर, दशांश नाही.

"बघ, हाय की," एवढंच म्हणाले.

मी कागदावर त्रिकोण काढला आणि वरच्या टोकापासून बावन्नच्या बाजूवर लंब टाकला. लंब पंचेचाळीस आला, खालच्या बाजूचे तुकडे चोवीस आणि अठ्ठावीस. म्हणजे पूर्णांक बाजूंचे दोन काटकोन त्रिकोण एकमेकांना चिकटलेले. तेरा-चौदा-पंधरात लंब बारा, तुकडे पाच आणि नऊ. दोन्हीकडं तुकड्यांत फरक चारचाच. हे त्यांनीच आधी टिपलं. का, ते मला तिथं सांगता आलं नाही. घरी आल्यावर भाजी चिरायची तशीच ठेवून मी बीजगणित मांडलं, तेव्हा तो चार सुटला.

त्या चारच्या आधारानं आम्ही पुढचा त्रिकोण शोधला: एकशे त्र्याण्णव, एकशे चौऱ्याण्णव, एकशे पंच्याण्णव. तो पेपरात घालण्यासारखा नव्हता. एक्कावन्नचा मात्र मी घातला. पेपर तपासायला बसले तसे हे शेजारी खुर्ची ओढून बसले आणि दर उत्तरपत्रिकेला विचारू लागले, "आमचा सोडवलाय का?"