सोपानच्या नडगीतली जुनी वस्ती

दसऱ्याचा दुसरा दिवस: माझा धाकटा भाऊ सोपान शिरूर कासारहून ऊसतोडीला निघाला. दिवाळीचा पाडवा: कोयता निसटून त्याची नडगी फाटली, मुकादमाने प्रतिजैविकाची कॅप्सूल फोडून भुकटी जखमेत भरली. बरे वाटले की थांबवली, चिघळले की पुन्हा भरली. संक्रांत: पाय काढावा लागेल, असे डॉक्टर म्हणाले. जबाबदार: तो मुकादम, त्याला चिठ्ठीविना कॅप्सूल देणारा दुकानदार, आणि ऊसतोडीच्या फडावर साधी परिचारिकाही न ठेवणारे कारखान्याचे व्यवस्थापन.

ऊसतोडीला नेणाऱ्या त्या ट्रॉलीत लहानपणी मीही बसलेलो आहे. खाली भांडी, कोंबड्यांची डाल, वर आम्ही. गाव दिसेनासे होईपर्यंत आई बजावत असे, “ताप उतरला की उरल्याल्या गोळ्या ठिवायच्या. पुढच्या टायमाला लागत्यात.” तिच्यावर माझा आरोप नाही, तिला सांगणारे कोणीच नव्हते. पुढे मी पुण्यात न्यायालयात बेलीफ झालो, तिथेच निवृत्त झालो. संक्रांतीनंतर सोपानला माझ्या पुण्यातल्या घरी आणले.

माझी मुलगी वैशाली प्रयोगशाळेत जंतूंवर काम करते. तिला मी आरोपींची वरची यादी वाचून दाखवली.

“अण्णा, तुमचा मूळ आरोपी माणसापेक्षाही जुना आहे,” ती म्हणाली. “मातीतले काही जंतू शेजाऱ्यांना मारणारी रसायनं कोट्यवधी वर्षं बनवत आलेत, आणि त्यातून स्वतः वाचायची जनुकंही बाळगून आहेत. ती जनुकं एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात, जखमेतल्या जंतूंकडेही.”

सोपान खाटेवरून म्हणाला, “म्हंजी त्येंचीबी टोळी हाय! मंग मुकादम कोन गं त्येंचा?”

“तुमचाच, काका. त्याच्या भुकटीनं साधे जंतू मेले, ती जनुकं असलेल्या ह्यांना रान मोकळं झालं.”

कायद्याच्या भाषेत सांगायचे तर उगम मातीतला, चिथावणी आपली. उगमावर खटला भरता येत नाही. चिथावणी थांबवता येते.

जखमेतला पू प्रयोगशाळेत तपासला, तेव्हा लागू पडणारे एक औषध सापडले. “दादा, ठणका न्हाई, मंग गोळी कावून?” अशी कुरकुर करीत सोपानने पूर्ण मुदत घेतली. होळीला तो काठीविना जिना उतरला.

पूर्वी घर म्हणजे ट्रॉली सुटायची ते गाव. आज, जखम धुऊन, तपासून मगच औषध देणारे माणूस जिथे असेल, ते मला घर वाटते. असे घर फडावरच्या पाचटाच्या कोपीतही होऊ शकते, याबद्दल मला शंका नाही.

सोपान यंदाही तोडीला जाणार आहे. ट्रॉल्या सुटण्याआधी व्यवस्थापनाने शिरूर कासारच्या चौकात उभे राहून सांगावे: फडावर परिचारिका असेल की नाही? मला लेखी उत्तर नको. ते सर्वांसमक्ष, कोयता घेऊन निघालेल्यांच्या तोंडावर द्यावे.