अंथुर्ण्यातला विलायती शरद

इंग्लंडातल्या शरद ऋतूची जेवढी काळजी माझ्या ताईच्या सासऱ्यांना होती, तेवढी खुद्द इंग्रजांनाही नसेल. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ पुण्यापलीकडे कधी गेले नव्हते. पण अंथुर्ण्याच्या वस्तीवर बसून तिकडचे सण मुळासकट सांगायचे. बाजरी काढताना शेवटची पेंढी ते स्वतःच कापत. पिकाचा जीव त्या पेंढीत लपतो असं तिकडचे जुने शेतकरी मानत, म्हणून तिची बाहुली विणून पुढच्या पेरणीपर्यंत घरात जपायची. अंथुर्ण्यातली बाहुली दरवर्षी म्हशीच्या पोटात जायची. "जीव घरातच राहिला की," म्हणून ते समाधान मानत. ऑक्टोबर सरताना मेलेली माणसं घराकडे फिरकतात, म्हणून तिकडे सलगम कोरून त्यात दिवा लावत. सलगम मिळेना, तेव्हा सासऱ्यांनी भोपळ्याला डोळे-दात कोरून तो बांधावर ठेवला. सकाळी शेजारचे तात्या करणी झाली म्हणून लिंबू आणि भगत घेऊन दारात हजर. सासऱ्यांनी भगताला चहा पाजून सणाचं मूळ इतकं सविस्तर सांगितलं की तो दक्षिणा न मागताच उठला.

मग ताईचे यजमान अपघातात गेले. सासऱ्यांनी एसटीडी बूथवरून मला कळवलं, तशी मी वस्ती गाठली. ताई बोलेनाशी झाली. तिला त्रास नको म्हणून घरात त्यांचं नाव कुणी काढेना. ती जेवणावरूनही उठून जाई. हीसुद्धा हातची जाते की काय, अशी आम्हाला धास्ती होती. नोव्हेंबर लागला तसे सासरे तिच्यापुढे येऊन बसले. तिकडे या दिवसांत गोरगरीब दारोदार जात, त्यांना छोट्या गोड पोळ्या मिळत आणि त्या घेऊन ते त्या घरच्या गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत, हे त्यांनी हळूहळू सांगितलं.

"पोरी, नाव घ्यायला मी वस्ती बोलावलीय. गोड पुऱ्या तेवढ्या तू कर."

वर्षाच्या आत तळण नको, असं भावकी कुजबुजली. त्यांनी ऐकलं नाही.

संध्याकाळी सगळे आले. ताई खाली मान घालून पुरी देई, घेणारा "विजयसाठी" म्हणे. शेजारची म्हातारी मात्र थबकली.

"आगं, इजूला गोड कुठं चालायचं? नुसतं तिखट खायचा."

ताईने वर पाहिलं. "चालायचं की. तुमच्याम्होरं न्हाय म्हणायचे, आन् घरात येऊन डबा रिकामा करायचे."

ती हसली, मग रडली, आणि पुढे बोलतच राहिली. भावकीतल्या कुणाला तरी सणाचं मूळ सांगत असलेले सासरे मधेच थांबले आणि खांबाला टेकून ऐकू लागले. कुठल्याही सणाचं मूळ अर्ध्यावर सोडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

यंदा ते गेले. ताईने पुऱ्यांसाठी मला बोलावलं आहे. तिच्या दारात उभं राहून त्यांचं नाव घ्यायचं आहे, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना नावाने कधी हाक मारलेली नाही.